दबक्या आवाजातलं वाचन

आमच्या शाळेत वर्षातून दोनदा वाचन तपासणी होते आणि दोन्ही वेळा माझं डोकं फिरतं. रीत अशी, की आपल्या वर्गाचं वाचन आपण ऐकायचं नाही. माझी दुसरीची मुलं तिसरीच्या बाईंनी ऐकायची आणि त्यांची मी. आपण आपल्या मुलांना झुकतं माप देतो, असा वरच्यांचा संशय. देतोच! वर्षभर त्यांची नाकं पुसायची, बुटांच्या नाड्या बांधायच्या, आणि ऐन वेळी परक्यासारखं वागायचं, हे मला जमणारं नाही.

शाळा हिंदी मुलखातल्या बरखेड्यात, कारखान्याच्या क्वार्टर्सना लागून. शिकवणं सगळं हिंदीत. भांडण मात्र आम्ही दोघी मराठीत करतो. तिसरीच्या बाई मूळच्या नागपूरच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मी त्यांना ताई म्हणते. त्यांचे मिस्टर याच कारखान्यातून रिटायर झाले. एरवी माणूस लोण्याचा, डब्यातल्या कोथिंबिरीच्या सांबारवडीतला अर्धा घास दुसऱ्याला देणारा. पण तपासणीला बसल्या की बघायला नको. मूल अडलं तर ओठ हलवून सुचवणं नाही, मान डोलावणं नाही. "जितकं ऐकीन तितकंच लिहीन, बाकी सब हवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तपासणीच्या कार्डावर आधी अक्षरं असतात, मग शब्द, मग दोन-चार वाक्यं आणि शेवटी छोटी गोष्ट. मूल जिथवर पोचेल ती त्याची पायरी. अक्षरांवरच अडलेल्या मुलानं पुढच्या तपासणीपर्यंत भाषेच्या तासाला खालच्या वर्गात जाऊन बसायचं. मोठ्यांना ही सोय वाटते. सात वर्षांच्या जीवाला ती काय वाटते, ते त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं की कळतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. तिसरीचं काम आटोपून मी मधल्या सुट्टीत माझ्या वर्गात आले. मुलं मैदानावर पळाली होती. टेबलाशी ताई होत्या आणि समोर माझी एक विद्यार्थिनी, लाल रिबिनींच्या दोन वेण्यांची, हातात कार्ड धरून उभी. तिचे ओठ हलत होते. आवाज काही येत नव्हता. ताईंचं पेन तक्त्यातल्या 'अक्षर' या रकान्यावर टेकायला आलेलं बघितलं आणि मी पुढे धावले.

"ताई, थांबा. ही वाचते."

"तू ऐकलंयस?"

ऐकलं नव्हतं. वर्गात वाचायला उभं केलं की तिचं असंच व्हायचं. लाजते बिचारी, म्हणून मी सोडून द्यायची.

"पण मी बघितलंय ना! पुस्तकांच्या तासाला हसायच्या जागी बरोबर हसते ती."

"बघितलेलं लिहायला रकाना नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "रकाना नाही म्हणून पोरीला पहिलीत बसवणार का?"

तिला मराठी येत नव्हतं. पण 'पहिलीत' हा एक शब्द तिला नेमका कळला आणि डोळे काठोकाठ भरले. रडली मात्र नाही. कार्ड छातीशी घट्ट धरून उभी राहिली.

ताईंनी पेनाला टोपण लावलं. "बेटा, घर पे पढ़ती हो?" तिनं मान डोलावली. "कब?" पुन्हा नुसते ओठ. तेव्हा ताई खुर्चीतून वाकल्या आणि त्यांनी आपला कान सरळ तिच्या तोंडाशी नेला. जरा वेळानं वर बघून मला म्हणाल्या, "म्हणते, दुपारी वाचते. पापा झोपलेले असतात तेव्हा."

हे मला काही उलगडेना. आमच्या घरी दहा ते पाचचं ऑफिस. दुपारी कुणी झोपलं तर त्याला बरं नाही का, असं विचारतात.

"रातपाळी गं," ताई म्हणाल्या. "दोन खोल्यांचं क्वार्टर. माणूस सकाळी येऊन आडवा होतो. तो उठेपर्यंत घरात कुकर लागत नाही. माझ्या पोरांनी सगळे पाढे असेच पाठ केले, ओठांनी."

"मग लिहा की, येतं म्हणून!"

"ऐकल्याशिवाय नाही."

या बाईपुढे डोकं आपटावं असं मला वाटलं. पण त्या शांतपणे कार्डामागच्या सूचना वाचत होत्या. "हे बघ. मुलानं वाचायचं, शिक्षकानं ऐकायचं. मोठ्यानं वाचायचं, असं कुठेच नाही. आता बाहेर गोंगाट आहे. सुट्टी संपू दे."

घंटा झाली आणि माझं वानरसैन्य आत घुसलं. ताई उभ्या राहिल्या. "किस-किसके पापा आज नाइट करके आए हैं?"

बरेच हात वर झाले.

"तो समझ लो, वो सब यहीं सो रहे हैं।"

पुढे जे झालं ते मला इतक्या वर्षांत एकदाही जमलेलं नाही. मी टेबलावर डस्टर आपटते, ओरडून घसा बसवते, तरी माझ्या वर्गात शांतता म्हणून नसते. त्या दिवशी कुणी 'चूप' म्हणालं नाही. बाकं न सरकवता मुलं आत शिरली. एकानं कंपासपेटी दोन्ही हातांनी दाबून बंद केली. दाराजवळच्या मुलीनं दार किंचित उचलून लावलं, म्हणजे बिजागरी करकरत नाही. हे यांना कुणी शिकवलं? केवढीशी पोरं, आणि घरातल्या दमलेल्या माणसाची झोप कशी राखायची ते त्यांच्या हाडात मुरलेलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मग ती वाचायला लागली. आवाज म्हणावा तर नुसता श्वास, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत होता. अक्षरं झाली, शब्द झाले, वाक्यं झाली, कुठेही अडली नाही. गोष्ट निघाली कोंबड्याची. हा कोंबडा पहाटे छपरावर चढतो, छाती फुगवतो आणि सगळ्या गावाला उठवतो. तिथे आल्यावर ती थबकली. कार्डावर भल्या मोठ्या अक्षरांत बांग छापलेली होती. तिनं एकदा वर्गाकडे बघितलं, मोठा श्वास घेतला, आणि अगदी जपून म्हणाली, "कुकड़ूँ-कूँ।"

कुणीही हसलं नाही. मीच पदर तोंडाशी धरला होता; हसू येत होतं की रडू, ते मलाही सांगता येणार नाही.

गोष्ट संपल्यावर एक प्रश्न विचारायचा असतो, मुलाला समजलं की नाही ते बघायला. ताईंनी, नकळत, तिच्याच आवाजात विचारलं, "मुर्गे ने किसको जगाया?"

"सबको।"

ताईंनी 'गोष्ट'च्या रकान्यात ठळक खूण केली. मग कार्डावर नसलेला एक प्रश्न त्यांनी विचारला. "और तुमने?"

"किसी को नहीं," ती म्हणाली, आणि ताठ मानेनं आपल्या जागेवर जाऊन बसली.