डी ड्राइव्हमध्ये अडकलेला आवाज

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. त्या नाटकाची जाहिरात दिवसभर ऑटोवरच्या भोंग्यातून फिरते. आमच्या अड्याळ गावाच्या आसपास ती कित्येक वर्षं माझ्याच आवाजात फिरत होती. मला त्याचा गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हतो.

गेल्या मंडईला शेजारच्या गावाने साकोलीच्या स्टुडिओतून घुमणाऱ्या आवाजाची जाहिरात करून आणली. झालं, आमच्या कमिटीचे अध्यक्ष सकाळीच दारात हजर.

"भाऊ, आपल्यालेबी तसाच घुमता आवाज पाहिजे. दुपारी ऑटो निघन. तुमच्याच्यानं होत नसन तं सांगा, मी साकोलीले जातो."

"साकोली कायले? घरी कम्प्युटर हाये ना!" मी छाती फुगवून म्हणालो.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं, आवाज घुमवणारं प्लगइन इंटरनेटवर फुकट मिळालं. पण इन्स्टॉल करताना त्याने विचारलं, कुठे ठेवू? सी ड्राइव्हमधली एक लांबलचक जागा त्यानेच सुचवली होती. पण कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने मला पूर्वीच गुरुमंत्र दिला होता की सी ड्राइव्हमध्ये काही ठेवायचं नाही, विंडोज मारली, म्हणजे नव्याने टाकली, की सगळं उडतं. तो मंत्र मी उपासापेक्षा कडक पाळतो. म्हणून डी ड्राइव्ह. तिथे 'न्यू फोल्डर', त्याच्या पोटात आणखी एक न्यू फोल्डर. त्यातल्या कुठल्याशा पोटात मी प्लगइन घातलं. कम्प्युटरने अभिनंदन केलं.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, तर यादीत प्लगइनचं नाव नाही. स्कॅन दाबलं. हिरवी पट्टी सी ड्राइव्ह धुंडाळत आरामात शेवटपर्यंत गेली आणि काही सापडलं नाही म्हणाली. पुन्हा इन्स्टॉल करायला गेलो, तर म्हणे हे आधीच इन्स्टॉल आहे. अरे, मग आहे कुठे? असा संताप आला की माऊस भिंतीवर आपटावा!

तेवढ्यात बायको शेतावरून, धानाच्या बांधीतून घरी आली. माझा अवतार पाहून तिने विचारलं, "काय हरपलं?"

"प्लगइन."

"कुठी ठेवलं होतं?"

"डी ड्राइव्हमंदी. पन हे सी मंदीच पाहून राहिलं."

"मंग सी मंदीच ठेवा ना!"

मी तिला विंडोज मारण्याचा धोका समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "त्याले जिथी पाहाची सवय हाये तिथी तुमी ठेवत नाही, अन् वरून त्याच्यावरच खेकसता," म्हणाली आणि हात धुवायला गेली.

दुपार होत आली होती. नाक मुठीत धरून मी सी ड्राइव्हला शरण गेलो, प्लगइन उचलून तिथे ठेवलं आणि यादीत नाव झळकलं. आता तपासायला कुणाचा तरी आवाज हवा होता. माझा घसा कम्प्युटरवर ओरडून बसला होता. म्हणून जाहिरातीचा कागद बायकोच्या हातात दिला आणि माइक तिच्यापुढे धरला. ती धानाच्या रोवणीला आलेल्या बायांना या बांधीतून त्या बांधीत हाक मारते, त्याच आवाजात तिने अख्खी जाहिरात वाचली. मी प्लगइन लावलं आणि सॉफ्टवेअर जागच्या जागी थिजलं.

नेमका तेव्हाच ऑटो दारात आला. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं आणि नुसतं तिचं वाचन वाजवून पाहत होतो, तोच अध्यक्ष आत शिरले.

"हे कोन बोलून राहिलं?"

"टेस्टिंग हाये. माझं कराचंच हाये अजून."

"राहू द्या. हेच द्या."

"अध्यक्ष, घुमवलं नाही ना ते!"

"घुमवाले कायले पाहिजे? हे तं तसंच दोन गावं जाते!"

मी माझ्याच हाताने ते पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं. बायको लाजून आत पळाली, पण ऑटो रस्त्यावरून गेला तेव्हा ती खिडकीत उभी राहून ऐकत होती. खरं सांगतो, मी जळलो. पार कोळसा झाला माझा. त्यातून आवाज इतका चांगला लागला होता की नाव ठेवायलाही जागा नव्हती.

संध्याकाळी शहापूरच्या कमिटीचा फोन आला. त्यांची मंडई पुढच्या आठवड्यात होती आणि जाहिरात हवी होती. माझ्या जिवात जीव आला. घसा साफ करून, पोटातून खर्ज काढून मी "हॅलो, बोला" म्हणालो.

"भाऊ," पलीकडून आवाज आला, "जराशे वहिनीले फोन द्या ना."