जीपची मोठी चाकं

आमच्या घरी ती लांब जीप आली तेव्हा माझ्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. सत्तरच्या आसपासचा काळ. माझे यजमान आणि मोठे दीर मिळून शहरात, गांधीबागेच्या बाजारात, कापडाचं ठोक दुकान चालवत. उमरेड-भिवापूरच्या दुकानदारांकडे माल पोचवावा लागे. उमरेडच्या पलीकडे आमची शेती होती, आणि सासूबाई शहरात कधी रमल्या नाहीत, त्या तिकडे गावीच राहत. म्हणून पत्र्याच्या छताची, मागे समोरासमोर दोन बाकं असलेली ही जुनी जीप घेतली. माणसंही बसत आणि बाकं दुमडली की कापडाचे गठ्ठेही मावत.

पावसाळ्यात ती गावाच्या अलीकडे काळ्या मातीत रुतली. बैल जुंपून बाहेर काढावी लागली. लोक पारावर उभे राहून बघत होते. घरी येऊन हात धुताना हे मला म्हणाले, की चाकंच लहान आहेत, चाकं बदलली पाहिजेत.

मग ते वेडच लागलं. आमच्या गल्लीच्या टोकाला जंगलाचे ठेके घेणारे एक गृहस्थ राहत. त्यांची जीप उंच होती, टायरवर मुठीएवढ्या रबराच्या गाठी. हे येता-जाता तिथे थांबत, वाकून चाकाखालची जागा बघत. शेवटी कामठी रोडवरच्या टायरवाल्याकडे गेले. मीही सोबत होते, कारण पुढे आम्हाला धंतोलीत एका नातेवाईकाला दवाखान्यात बघायला जायचं होतं.

टायरवाल्याने दोन मार्ग सांगितले. आहे त्याच रिमवर थोडा रुंद, चिखलात पकड घेणारा टायर बसवायचा. गाडीला काही करावं लागणार नाही. किंवा रिमच मोठी घ्यायची, आणि तिच्यावर उंच टायर. गाडी जमिनीपासून वर उचलली जाईल, पण स्टेअरिंग जड होईल, ब्रेक थोडा उशिरा लागेल, आणि वेगाचा काटा दाखवतो त्यापेक्षा गाडी जोरात पळत असेल. हे सगळं त्याने एकाच सुरात सांगितलं. कोणतं चांगलं विचारल्यावर म्हणाला, "दोनों अच्छे हैं, सेठ." त्याला दोन्ही विकायचे होते.

घरी दिरांनी विरोध केला. ते जेवणाच्या पाटावर बसूनच म्हणाले, "कंपनीनं इचार करूनच चाक देल्लं असंन ना गा. काहून बदलवून राहिला तू?"

"दादा, तुमी चिखलात उतरले नाई त्या दिवशी," हे म्हणाले. "मी उतरलो होतो."

दीर गप्प झाले. ते नेहमीच गप्प होत, आणि गोष्टी ह्यांच्या मनासारख्या होत.

ह्यांनी मोठी रिमच घ्यायचं ठरवलं, पण त्या मापाचे टायर तेव्हा सहज मिळत नसत. कुठल्याशा लष्करी लिलावातून आलेले एकदम चार मिळाले. न वापरलेले, पण बरेच दिवस गोदामात पडून राहिलेले. ते बसवून जीप दारात आली तेव्हा गल्लीतली पोरं गोळा झाली. मी पायरीवर उभी राहून एका टायरवर हात फिरवला. कडेच्या रबराला केसासारख्या बारीक भेगा होत्या. नख लावलं की उघडत. मी ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, पडून राहिलं की रबर सुकतंच, चाललं की मऊ होईल.

वळताना चाक आतल्या पत्र्याला घासे. कुणीतरी घसा दाबून बोलावं तसा आवाज. मिस्त्रीने पत्रा ठोकून आत वळवला, तरी पूर्ण वळणावर तो आवाज येईच, आणि मागून जळक्या रबराचा वास. दिवाळीत चौकातून उतरताना समोर एक सायकलवाला आला. ह्यांनी ब्रेक दाबला आणि जीप त्यांच्या अंदाजापेक्षा हातभर पुढे जाऊन थांबली. सायकलवाला शिव्या देत निघून गेला. हे बराच वेळ स्टेअरिंग धरून बसले होते.

एक गोष्ट आणखी होती, जी आम्हाला सगळ्यांना माहीत होती आणि कुणालाच ती मोठी वाटली नाही. जीपच्या मागे जादा चाक टांगायची जी जागा होती, तिच्यात नवं चाक मावत नव्हतं. शिवाय पाचवा टायर मिळालाही नव्हता. म्हणून तिथे जुनं लहान चाकच राहू दिलं. हे म्हणाले, मिळाला की बघू.

पुढच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, गावाहून माणूस आला. सासूबाई सकाळी चुलीपाशी पडल्या होत्या, उजवं अंग हलत नव्हतं. हे, दीर आणि मी, आम्ही तिघंही लगेच जीप घेऊन निघालो. पोचलो तेव्हा त्या बाजेवर होत्या, डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला ओळखलं असावं, कारण डाव्या हाताने त्यांनी माझा पदर धरला. बाकं दुमडून मागे गादी घातली, त्यांना निजवलं आणि धंतोलीच्या दवाखान्याच्या वाटेला लागलो.

दुपार झाली होती. रस्त्याचं डांबर पातळ होऊन चमकत होतं. हे जोरात चालवत होते. काटा किती दाखवत होता मला दिसत नव्हतं, पण दीर मध्येच म्हणाले की हळू घे. ह्यांनी ऐकलं नाही. मग मागच्या डाव्या बाजूला बंदुकीसारखा आवाज झाला. जीप सरकली, झाडाकडे गेली, परत आली आणि रस्त्याच्या कडेला तिरपी थांबली. मी सासूबाईंचं डोकं मांडीत घट्ट धरलं होतं. माझं कोपर पत्र्यावर आपटून सोललं होतं हे मला नंतर कळलं.

टायरची कड आडवी फाटली होती. त्या भेगांवरूनच.

लहान चाक बसवलं. जीप डावीकडे कलली. निघालो तेव्हा सासूबाई गादीसकट डाव्या पत्र्याकडे घसरू लागल्या. मी पाय डावीकडच्या दुमडलेल्या बाकाला रोवून त्यांना अडवून बसले. गाडी सारखी एका बाजूला ओढत होती. थोड्या वेळाने खालून गरम तेलाचा वास आला, मग करकर. मागच्या दोन चाकांचं माप वेगळं, त्यामुळे त्यांना जोडणाऱ्या मधल्या पेटीतले दाते घासून तापले होते. उमरेड ओलांडून आम्ही फार पुढे आलो नव्हतो तोच जीप थांबली ती थांबलीच.

सावली नव्हती. मी ओलं फडकं त्यांच्या कपाळावर ठेवत होते आणि ते हाताखालीच वाळत होतं. त्यांचा श्वास घोरल्यासारखा येत होता.

खाणीकडून कोळशाचा एक ट्रक आला. दीर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरने खाली उतरून एकदा आत बघितलं आणि काही न विचारता आपल्या सीटमागची झोपायची फळी रिकामी केली. ड्रायव्हर आणि दोन्ही भावांनी मिळून सासूबाईंना वर चढवलं. हे खालीच उभे होते, हात काळे, कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे.

दीर त्यांना म्हणाले, "तू चाल मायसोबत. मी राह्यतो इथं."

ते एवढंच बोलले. त्या दिवशीही आणि नंतरही कधी त्यांनी चाकांचा विषय काढला नाही. मला वाटतं, त्यांनी चार शब्द सुनावले असते तर ह्यांना सोपं गेलं असतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. सासूबाई वाचल्या. पण उजवा हात कायमचा गेला आणि वाचाही. ह्यांनी डॉक्टरांना विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित एवढंच झालं असतं. ह्यांनी त्यातलं फक्त "कदाचित" ऐकलं.

सासूबाई मग आमच्याकडेच राहिल्या, आणखी काही वर्षं. हे रोज दुकानात जाण्याआधी त्यांच्या उशाशी बसत. त्या डाव्या हाताने ह्यांच्या तोंडावरून हात फिरवत आणि काहीतरी म्हणू बघत. आवाज निघे, शब्द होत नसे. हे कान जवळ नेत, पुन्हा विचारत, मग उठून जात. त्या काय म्हणत होत्या, रागावल्या होत्या की समजूत घालत होत्या, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

जीप दिरांनी विकून टाकली. नंतर घरात गाड्या आल्या, मुलं चालवायला शिकली. ह्यांनी मात्र पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही. घरातलं कुणी बाहेरगावी गेलं, मग बसने का असेना, की ते परत येईपर्यंत ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. ताट झाकून ठेवावं लागतं. मुलं हसतात, मी हसत नाही. गल्लीत गाडी वळल्याचा आवाज येतो तेव्हा मी त्यांच्याकडे बघते. ते मान थोडी तिरपी करून, सासूबाईंच्या तोंडाशी कान नेताना करत तशी, ऐकत असतात, आणि गाडी दाराशी थांबली तरी त्यांचं ऐकणं संपत नाही.