देवासला ऐकलेला खर्ज

मागच्या खेपेला मांडूबद्दल सांगितलं तेव्हा बजावलं होतं, वर थंडी असते, शाल घ्या. तुम्ही वाचलंत, मान डोलावलीत आणि विसरलात. मग कुडकुडतानाचे फोटो मलाच पाठवलेत, आणि वर विचारताय, "माई, आता कुठे जायचं?" आता देवासला जा. बोलते मी, टाइप करते माझी सून वैशाली. मला एक अक्षर येत नाही, म्हणून तिनं मध्येच स्वतःचं काही घुसडलं तर मला कळायचं नाही. तुम्ही ओळखून घ्या.

मुक्ता ही वैशालीची मुलगी. देवासला शाळेत शिकवते, आणि सुटीच्या दिवशी हौशी लोकांच्या ऑर्केस्ट्रात वाजवते. या वेळचा त्यांचा कार्यक्रम असा, की पडद्यावर अंतराळाचे सिनेमे चालणार, रॉकेट, चंद्र, मंगळ, आणि पडद्याखाली पन्नासेक माणसं बसून त्यांचं संगीत तिथल्या तिथे वाजवणार. मला जायची घाई नव्हती. माझे कान गेलेत. सगळे नाही, बारीक आवाज तेवढे गेलेत. वैशालीचा आवाज बारीक आहे, त्यामुळे माझी तक्रार नाही. (हे तिनं टाइप केलं असेल तर सून चांगली मिळाली म्हणायची.)

पण मुक्ताचा फोन आला, की हा शेवटचा कार्यक्रम, यानंतर वाद्य परत करून टाकणार. का, ते आईला सांगेना. मग मी म्हटलं, चला.

धारहून सकाळची बस धरा आणि डावीकडे बसा, उजवीकडे ऊन येतं. इंदूरला स्टँड बदलावा लागतो, रिक्षावाला जास्त मागतो, तुम्ही पुढे चालू लागा, तो मागून येतो. मधल्या वेळात पोहे खाऊन घ्या. बसभाडं दोघींचं मिळून तीन-साडेतीनशेत झालं. देवासच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, कुठे निघालात. मी म्हटलं, चंद्रावर. तो म्हणाला, "तो माँजी, वापसी की सीट अभी से रोक लो, भीड़ रहेगी." त्याचा आवाज जाड होता, सगळं ऐकू आलं.

मुक्ताची खोली देवीच्या टेकरीच्या पायथ्याशी आहे. खोलीत कोपऱ्यात तिचं वाद्य उभं होतं. डबल बास म्हणतात. माणसाहून उंच व्हायोलिन समजा, पण पोट आमच्या धान्याच्या कणगीएवढं. व्हायोलिनमध्ये जागा नव्हती म्हणून तिला हे दिलं होतं. जेवताना तिनं कारण सांगितलं.

"माई, पन्नास जण वाजवतात. माझं कोणाला सुनाईच नाही देत. नाही गेले तरी काय फरक पडतो?"

मी म्हटलं, मला तर पन्नासांतलं एकही ऐकू यायचं नाही, माझ्याकडे कसली दाद मागतेस. हसली ती. पण ताटातला भात तसाच राहिला, आणि वैशालीनं माझ्याकडे पाहिलं.

कार्यक्रम फुकट असतो, पास मात्र आधी फोनवर काढावा लागतो. आम्ही पुढच्या रांगेत उजव्या टोकाला बसलो, कारण मुक्ता त्या बाजूला उभी राहते. सुरुवातीला टाळ्या झाल्या, तशी माझं कानाचं यंत्र किंचाळायला लागलं. मी ते काढून पर्समध्ये टाकलं. चपलाही काढल्या. खाली लाकडी जमीन होती.

नेहमी सिनेमाला गेले की मी शेजारणीला विचारत असते, काय लिहिलंय, आता काय म्हणाला. इथे लिहिलेलं काही नव्हतं आणि कोणी बोलतही नव्हतं. रॉकेट उडालं, ते तळपायांतून वर आलं. चंद्रावर यंत्र उतरलं, मंगळावर चाकांची गाडी दगड चुकवत चालली. आमच्या धारच्या गल्लीतून स्कूटी जाते तशीच, फक्त हॉर्न नाही. व्हायोलिनवाल्यांचे हात भराभरा चाललेले दिसत होते, पण माझ्यापर्यंत काहीच येत नव्हतं. जणू सगळे मिळून कणीक चाळताहेत.

मग एक यान सगळे ग्रह मागे टाकून काळोखात गेलं. पडद्यावर काळं, आणि त्यात एक ठिपका. शेजारच्या बाई पदरानं डोळे पुसायला लागल्या. पुढे त्यांनी वैशालीला सांगितलं, काय गोड व्हायोलिन होतं म्हणे. मला व्हायोलिन नव्हतंच. मला त्या काळोखात एकच आवाज होता, जाड, सावकाश, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. पायांखालून येत होता आणि छातीत थांबत होता. मी पाहिलं, तर मुक्ताचा हात त्याच श्वासाबरोबर हलत होता. अख्ख्या अंतराळात ते यान आणि माझी नात, दोघंच.

संपल्यावर ती घाम पुसत आमच्याकडे आली आणि आवडलं का, असं नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. मी तिला तो आवाज हाताने करून दाखवला. एक लांब, मग थांबणं, मग दोन आखूड, मग परत लांब.

मग मी म्हटलं, "आणि एकदा उशिरा आलीस. तिसऱ्या खेपेला. श्वास अडकल्यासारखा झाला."

वैशालीनं माझा हात दाबला, की आज तरी चुका काढू नका. पण मुक्ता खाली बसली, माझ्या पायांशी.

"खरंच चुकलं होतं, माई. आमचा ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या सरांनाही नाही कळलं."

"त्यांना पन्नास ऐकू येतात," मी म्हटलं. "मला तू एकटीच येत होतीस."

तिनं डोळे पुसले, मग हसली, मग चुकलं ते कसं चुकलं, हे मला समजावून सांगत राहिली. मला त्यातलं निम्मंच कळलं. ऑर्केस्ट्राचं सामान भरून न्यायला एक मुलगा आला आणि वाद्याला हात घालणार, तोच ती उठली. म्हणाली, "इसे रहने दो भिया, ये घर जाएगा."

परत आल्यापासून इथे सगळे विचारतात, अंतराळ कसं होतं. मी सांगते, काळं होतं आणि आमच्या मुक्तानं भरलं होतं. कानांची मला पूर्वी लाज वाटायची, लग्नकार्यात कोपरा धरून बसायचे. आता म्हणते, गेलं ते गेलं, उरलंय ते चांगलं उरलंय. मुक्ता रोज संध्याकाळी रियाज करते आणि मला फोन लावून तो जमिनीवर ठेवते, म्हणजे मला नीट ऐकू येईल असं तिला वाटतं. येत नाही. मी हो म्हणते.

रियाज करता करता तिला भूक लागते, म्हणून धारहून देवासला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. शेव नेऊ नका. तेलकट बोटं तारेवरून घसरतात. भाजलेले फुटाणे न्या, आणि गूळ वेगळ्या पुडीत बांधा.