शून्यावर अडकलेलं मीटर

मोघेसरांच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी टावर चौकात पोहे बांधून घेत होते. "शुभदा, हे गेले गं..." एवढंच त्या बोलल्या. खरं सांगू, मनात पहिलं काय आलं? आता माफी मागायची कुणाची! दोन महिने मी मोघेसरांशी एक अक्षर बोलले नव्हते.

पॉलिटेक्निकमधून रिटायर होऊन सर आमच्या नानाखेड्याच्या, दाब मोजणारी मीटरं बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात आले. प्रोग्रॅम मी लिहायचे, तपासायचे ते. हातात निळी वही आणि लाल पेन. तपासून झालं की त्यापुढे बरोबरची खूण. "आधी शून्य टाकून बघितलंस?" हाच त्यांचा रामराम. मला अस्सा वैताग यायचा!

दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी आमचं मीटर एका दवाखान्यात जायचं होतं, ऑक्सिजनच्या लाइनचा दाब दाखवायला. सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दशांशाचा आकडा बत्तीस बिटांत ठेवतात. त्यातली आठ घातांकाची, म्हणजे आकडा किती मोठा किंवा किती बारीक ते सांगणारी. ती मी तेवीस घरं सरकवून वेगळी काढली, त्यातून एकशे सत्तावीस वजा केले. आकडा फार बारीक निघाला तर वाचता येईपर्यंत दुप्पट करत जायचं. मी तर स्वतःवरच खूश होते.

"मोघे जी, गाड़ी कब से खड़ी है!" मालक दारातून ओरडले. सरांनी हवेचा कॉक बंद करून नळीतली हवा सोडली. शेजारच्या काट्याच्या मीटरवर काटा शून्यावर आला. आमच्या स्क्रीनवर ४.२... दहा सेकंद गेले, वीस गेले... तरी ४.२. शून्याचा घातांक माझ्या हिशेबाने उणे एकशे सत्तावीस येत होता, म्हणजे प्रोग्रॅमला तो फार बारीक आकडाच वाटत होता. आणि शून्य कितीही दुप्पट करा, शून्यच! प्रोग्रॅम तिथेच गरगरत बसला होता आणि स्क्रीनवर जुना आकडा तसाच होता. ऑक्सिजन संपला असता तरी नर्सला सगळं ठीकच दिसलं असतं.

"शुभदा, त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "गाडी जाऊ द्या. मीटर नाही जाणार."

मला लाज वाटायला हवी होती. आला राग! "खोलीत बोलावून सांगता आलं नसतं?" मी म्हणाले आणि पर्स उचलून निघाले. चोर तो चोर, वर शिरजोर. दोन दिवसांत दुरुस्ती केली, शून्याची तपासणी सर्वांत आधी घातली, आणि एका शब्दाशिवाय मेल करून टाकली. मीटर गेलं. चार वाजता सर माझ्या टेबलावर चहा ठेवायचे, मी मोबाइलमध्ये डोकं खुपसायचे. मूर्खपणा... दुसरं काय!

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला माधवनगरला घरी बोलावलं आणि निळी वही हातात ठेवली. शेवटच्या पानावर माझा दुरुस्त केलेला प्रोग्रॅम, ओळ न् ओळ, सरांच्या अक्षरात. खाली तपासलेले आकडे. शून्य, लाल खूण. उणे शून्य, बिटांत तेही असतं, लाल खूण. अगदी बारीक आकडा, लाल खूण. सगळ्यांत खाली लिहिलं होतं, "शुभदाला सांगायचं, काम छान झालंय."

त्यापुढे खूण नव्हती.