दोन बोटांची फट

आमच्या गल्लीतला काचवाला स्वतःच्या कामाचं कौतुक सांगून सांगून लोकांचे कान किटवायचा. "माझी खिडकी लावा. बाहेर बँड वाजू दे, आत बाळ कुशीसुद्धा बदलणार नाही!" दोन थरांची जाड काच, कडेने रबर, फट म्हणून औषधालाही सापडायची नाही.

अशी पहिली खिडकी त्याने थोरल्या बहिणीला फुकट लावून दिली, तिसऱ्या मजल्यावर.

"फुकट आहे ना? मग गळणारच," बहीण म्हणाली. हा पठ्ठ्या आठ दिवस रुसला.

पुढे एका दुपारी शहरातलं रसायनांचं गोदाम पेटलं. सगळं शहर शहाणं, खिडक्यांत उभं राहून धूर बघत होतं. पहिला छोटा धमाका झाला तशा दुकानातल्या काचा थरथरल्या. दुसरा काय करील, हे काचवाल्याइतकं कुणाला कळणार? तो धावत बहिणीच्या घराखाली आला.

"ताई, मागे हो! खिडकी सोड!"

बहिणीला तो दिसला, ऐकू मात्र आला नाही. तिने कानाला हात लावला. तो आणखी ओरडला. काय म्हणतोय ते कळावं म्हणून तिने चेहरा काचेला टेकवला.

आणि गोदाम उडालं.

काचवाला समोरच्या भिंतीवर आपटला, खांदा निखळला. रस्ताभरच्या खिडक्या एकदम घरांत घुसल्या. जिन्यात रक्ताने पाय घसरत होते. तो रांगत वर पोचला. बहिणीच्या चेहऱ्यातून, गळ्यातून त्याने स्वतःचीच काच उपसली, नुसत्या हातांनी. ती गेली तरी उपसत राहिला. त्याची तीन बोटं अजून मिटत नाहीत.

दहा वर्षांनी नगरपालिकेने दोनशे चौदा मृतांच्या नावांची काचेची भिंत उभारायची ठरवली. त्या कामासाठी बोलवायला आलेल्यांना त्याने दोनदा शिव्या घालून हाकललं. तिसऱ्यांदा भाची आली.

"मामा, आईचं नाव दुसऱ्या कुणी बसवलं तर चालेल?"

"तो गाढव वाकडं बसवेल!"

झालं. मामा कामाला लागला. पण प्रत्येक दोन काचांमध्ये त्याने दोन बोटांची फट सोडली.

"नकाशात फट नाही," इंजिनिअर म्हणाले.

"मग नकाशा फाडा. एकही काच उतरणार नाही."

शेवटची काच बसली, तेव्हा भाची भिंतीपलीकडे उभी होती, आईच्या नावाशी नाक लावून. काचवाला अलीकडून हळूच, तोंडातल्या तोंडात म्हणाला, "मागे हो."

भाची लगेच दोन पावलं मागे सरकली.