पडावाचा नांगर

माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती नजरचुकीने नव्हे, अगदी ठरवून. आमच्या वळ गावातल्या घराच्या अंगणात एक जुना लोखंडी नांगर होता. शेतीचा नव्हे, पडावाचा; मालाची मोठी होडी पाण्यात जागेवर धरून ठेवणारा. तो मी भंगारवाल्याला देऊन टाकला. अंगणात फरशा घालायच्या आहेत, हे शेजाऱ्यांना सांगितलेलं कारण. खरं कारण वेगळं होतं. आठ वर्षांपूर्वी माझे यजमान कामावर असताना छातीत कळ येऊन गेले, आणि त्या सकाळीही मी त्या नांगराला हळदकुंकू लावलं होतं. ज्याने माझा माणूस धरून ठेवला नाही, त्याच्यापुढे हात कशाला जोडायचे, असं मला वाटे. मी मुळातच फटकळ. देवाशी भांडतानाही माझा आवाज खाली येत नसे.

मी पडघ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. लग्नापूर्वी खाडी पाहिली ती पुलावरून. सासरी मात्र तीन पिढ्यांचा पडाव होता. कामवारी नदीतून खाडीत उतरायचं, भात आणि गवताचे भारे मुंबईकडे पोचवायचे, येताना कौलं भरून आणायची, हा त्यांचा धंदा. माझे सासरे, बाबा, शेवटी शेवटी त्या पडावाचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. मग रस्ते झाले, ट्रक आले, पडाव काठाच्या चिखलात कुजला आणि आमच्या गवताच्या जागेवर गोडाऊन उभं राहिलं. उरला तो नांगर. पडाव सुटताना त्याला नारळ द्यायची रीत होती, ती पडाव गेल्यावरही घरात राहिली. बाबांना त्या दिवसांचं तेच तेच सांगायची भारी हौस. त्यातली एक गोष्ट मला पाठच झाली होती. पाण्याला ओढ असली आणि नांगर घसरायला लागला, की नवखा खलाशी घाबरून दोर आवळतो, त्याने नांगर आणखीच सुटतो. जाणता तांडेल दोर सैल सोडतो, मग नांगर चिखलात नीट रुततो. चहा ओतता ओतता मी शेवटचं वाक्य त्यांच्या आधीच म्हणून टाकायची आणि ते हसायचे.

गुडघ्यांमुळे बाबांचं खाली उतरणं बंद झालं होतं. वरच्या खोलीत पलंगावर बसून रोज सकाळी ते विचारायचे, नांगराला कुंकू लावलंस का. मी म्हणायची, लावलं. नांगर देऊन टाकल्यावर सहा महिने मी हे खोटं बोलले. पहिले काही दिवस जीभ अडखळली, नंतर सवय झाली.

मग एका दुपारी जेवताजेवता बाबांची शुद्ध हरपली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके फार मंद झालेत, पेसमेकर बसवायला हवा, आणि दिवस घालवू नका. बाबांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "आधी नांगराला नारळ देतो. त्याबिगर पडाव सुटत न्हाय." खुर्चीत बसवून खाली न्या, म्हणाले. मी समजावलं, चिडले, रडलेसुद्धा. म्हातारा हलेना. घरात आम्ही दोघंच उरलेलो. खरं सांगावं तर त्या धक्क्याने ते जातील, न सांगावं तर दवाखान्यात यायला तयार होणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेअर रिक्षाने धामणकर नाका गाठला. आमच्याकडे आलेला भंगारवाला हातगाडीवाला होता, त्याचं नावही ठाऊक नव्हतं. पॉवरलूमच्या खडखडाटात एकेका भंगाराच्या दुकानात शिरून मी हातांनी नांगराचा आकार दाखवत होते. कुणी म्हणे कापला असेल, कुणी म्हणे केव्हाच भट्टीत गेला असेल. पाचव्या दुकानातही तेच ऐकलं. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि आठ वर्षांत पहिल्यांदा देवाशी हळू आवाजात बोलले. म्हटलं, राग माझ्यावर काढ, त्यांच्यावर नको. माझ्याने आता काही होत नाही. तुला करायचं ते कर.

किती वेळ बसले होते कोण जाणे. समोरच्या गाळ्यातून पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ पाण्याचा तांब्या घेऊन आले. काय झालं, म्हणून विचारलं. मी सांगू लागले, तसे ते मला गाळ्याच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे दोन विटांवर, गोणपाटाखाली आमचा नांगर होता. गंजाच्या खाचांत अजून कुंकू होतं.

"इसपे कुंकू लगा था, बहन," ते म्हणाले. "जिसके आगे किसी ने हाथ जोड़े हों, उसपे मैं कटर नहीं चलाता. सोचा, कोई तो ढूँढ़ते आएगा."

मी त्यांच्या पायाशी वाकले, तर ते दोन पावलं मागे सरले. त्यांनीच टेम्पो बोलावून दिला. कुणी याला योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. एवढं मात्र सांगते की त्या पायरीवरून उठून मी आणखी एक दुकान शोधायला गेले असते, तर त्यांची माझी गाठ पडली नसती.

नांगर अंगणात उतरवला. शेजाऱ्यांनी बाबांना खुर्चीत बसवून खाली आणलं. त्यांनी गंजावरून हात फिरवला. आता सांगायलाच हवं म्हणून मी तोंड उघडलं.

"वरल्या खिडकीपाशी सरकलो की अंगण दिसतं मला," बाबा म्हणाले. "गेला त्याच दिशी पाह्यला."

मग रोज विचारत का होता, मला एका शब्दाने बोलला का नाहीत, असं मी कसंबसं विचारलं.

"बोललो असतो तर तू तुटली असतीस. माझापन पोरगाच गेलाय ना. तुला वढ लय व्हती, म्हणून दोर सोडीत व्हतो. खोटं बोलायचीस, पन नांगराचं नाव तर निघायचं."

"आणि सापडलाच नसता तर?"

"त्या जागेला दिला असता नारळ. जागा कुठं गेलीय? फोड आता, तुझ्या हातानं."

मी नारळ फोडला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले. यजमान गेले तेव्हाही अशी रडले नव्हते.

पेसमेकर बसला, बाबा घरी आले. मला वाटत होतं मी देवाला सोडलं. दोर त्याच्याच हातात होता, फक्त त्याने तो आवळला नाही, आणि त्याबद्दल मी त्याचे किती उपकार मानू. रोज सकाळी मी नांगराला कुंकू लावते आणि वर बघते. खिडकीत बाबा बसलेले असतात. सगळं दिसत असतं, तरी विचारतात, लावलंस का?

"लावलं, बाबा," मी खालून सांगते.