हिरवी झेंडी गाडीला

आमच्या गल्लीतल्या गेटमन मामांसारखा माणूस आख्ख्या सोलापुरात दुसरा घावायचा न्हाय. सायबाला धाक दावायला शिपाई लागतो, मामांना हातभर कापड पुरायचं. जल्मभर होटगीकडच्या रेल्वे फाटकावर नोकरी केली, रिटायर होऊन आमच्यात ऱ्हायला आले, आन् येताना शिट्टी, टोपी आन् लाल-हिरव्या दोन झेंड्या घिऊन आले. दाराजवळ खिळा ठोकला. शिट्टी खिळ्याला आसली की मामा ड्यूटीवर न्हाईत. तवा घर पेटलंय म्हणून सांगा, म्हणायचे, "शिट्टी खिळ्याला हाय, आक्का." आन् शिट्टी गळ्यात आली की शेळीसुदीक त्येंच्याकडं बगून गल्ली वलांडायची. एकदा शेजारच्या पोरीची वरात आली, तर नवरदेवाची घोडीच गल्लीच्या तोंडाला अडवली. लाइन क्लियर न्हाय म्हणाले. का, तर पलीकडनं कचऱ्याची गाडी येत हुती. नवरदेव घोडीवर घामाघूम, बँडवाले वाजवून वाजवून गप झाले, पण गाडी गेल्याबिगर मामा काय हलले न्हाईत. मामी जिती हुती तवा घरात वाजलं की तिलाबी लाल झेंडी दावायचे. एक दिवस तिनं ती हातातनं वढून घेतली आन् त्या झेंडीनंच चुलीवरचा तवा धरून उतरवला. लाल झेंडीला जळकं भोक पडलं. ते कशाचं म्हणून कुणी इचारलं की मामा म्हणायचे, "अपघात."

त्येंच्याजवळ एक जाड जुनी कादंबरी हुती. वरचं पान फाटलेलं, त्यामुळं नाव कुणालाच ठावं न्हाय, आन् मागली पानं वाळवीनं खाल्लेली. तिन्हीसांजंला पायरीवर बसून मोठ्यानं वाचायचे. मी समोर सूप मांडीवर घिऊन विड्या वळत आयकायची. मला अक्षर येत न्हाय, पण गोष्ट ध्यानात हाय. डोंगरातलं गाव. राजा मरून गेलाय, पण त्येची लाकडाची खुर्ची चावडीत तशीच ठेवलीया. त्या रिकाम्या खुर्चीपुढं कोण आवाज चढवीत न्हाय. मग एक जण म्हणतो, आता खुर्ची माझी, आन् जाऊन बसतो. हितनं म्होरं पानं न्हाईत.

"मग त्येचं काय झालं?" मी इचारलं.

"वाळवीला ठावं," मामा म्हणाले. "पण खुर्चीत ताकद कशाची हाय, सांगा बगू."

"सागवानाची आसंल."

"आवो, लाकडाची न्हवं. तिच्याकडं बगून समदी गप बसायचं ठरवत्यात न्हवं, त्येची."

मी म्हणलं, आमच्या विडीच्या कारखान्यात खुर्चीवरचा बाबू विड्या खराब म्हणून बाजूला टाकतो तवा आमीबी गप बसतो, पण आमी काय ठरवून बसत न्हाय. मामा हसले न्हाईत. ते ड्यूटीवर हुते.

पाण्याचं सांगते. उन्हाळ्यात आमच्यात टँकर येतो. गल्लीच्या तोंडाला पिठाची गिरणी, आन् टँकर गिरणीम्होरंच थांबायचा. गिरणीवाल्याचा पाइप पयला आत. मग घागरी, मग झिंज्या. माझं घर गल्लीत शेवटचं. माझा नंबर येईस्तवर टँकरच्या बुडाला गाळ. नवरा मिलमदी हुता. आदी मिल बंद पडली, मग त्यो गेला. पाण्याला भांडायला घरात बाप्या न्हाय, गुडघ्यात जोर न्हाय. प्यायला कुटनंबी मागून आणता येतं, त्येचं येवढं न्हाय. पण विडीची पानं भिजवायला पाणी लागतं. पान भिजलं न्हाय तर वळता वळता फाटतं, आन् विडी न्हाय तर चूल न्हाय. कितीदा तरी कोरडी पानं मांडीवर घिऊन बसलीया मी.

मामांनी हे बगितलं आन् एक दिवस शिट्टी गळ्यात घालून गल्लीच्या तोंडाला हुबे ऱ्हायले. टँकर वळला तशी हिरवी झेंडी दावली. समद्या बायका घागरी घिऊन पळत सुटल्या, टँकरला चिकटल्या. मामा मटकन खाली बसले.

"आवो, हिरवी झेंडी गाडीला आसती," ते म्हणाले. "फाटकावर हिरवी दावली म्हंजी गाडी जाणार, माणसांनी जागंवर थांबायचं. आत्ता आख्खी गल्ली रुळावर मेली की."

"मेलो तर मेलो, घागर तर भरू द्या," आमची तेलुगू शेजारीण नरसव्वा म्हणाली.

पण मामांनी सोडलं न्हाय. हिरवी दिसली की भितीला पाठ लावून हुबं ऱ्हायचं. टँकर पार शेवटच्या घरापातूर जाणार. तितं मामांनी लाल दावली की थांबणार. मामा झेंड्या गुंडाळणार, मगच शेवटच्या घरापासनं नंबर. ड्रायव्हर तर लई खूश, कारण पयल्यांदा त्येच्या अंगावर कोण वरडत न्हवतं. हळूहळू गल्लीला तेच वळण पडलं. गिरणीवाला तेवढा दात खात बसायचा.

मग मामांचं मोतीबिंदूचं आपरेशन झालं. डोळ्याला हिरवी पट्टी, हुबं ऱ्हायचं न्हाय म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. बाजंवर पडून हुते. टँकरचा भोंगा वाजला तसा गिरणीवाला आला, खिळ्याच्या दोन्ही झेंड्या काढल्या.

"मामा, तुमच्या पुस्तकातबी हेच हाय की," म्हणाला. "झेंडी ज्येच्या हातात, राज्य त्येचं."

मामांनी नुसती मान हलवली.

मी शेवटाला माझ्या दारात. मनात म्हणलं, आज परत कोरडी पानं. गिरणीवाल्यानं पाइप काढला, घरातल्या बायकांना घागरी घिऊन हुबं केलं, लाल झेंडी काखंत दाबली आन् हिरवी लागला हलवायला. टँकर वळला. ड्रायव्हरला हिरवी दिसली. त्यो निघाला सुसाट. आमी समद्या भितीला पाठ लावून हुब्या. सवयच ती. गिरणीवाल्याच्या घरच्या बायकासुदीक भितीला. गिरणीवाला वरडतोय, "थांब की रं, हितं थांब," आन् झेंडी आणखी जोरात हलवतोय. जितकी ह्यो हलवी, तितका त्यो गाडी पळवी. पाइप चाकाखाली चप्पट झाला. टँकर गिरणी सोडून, मामांचं दार सोडून, सरळ माझ्याकडं आला.

आन् मला दिसलं की लाल दावायला कोण न्हाय. माझ्या दाराम्होरं गल्ली संपती, फुडं उगडा नाला.

पानं गुंडाळायचं लाल फडकं सुपाजवळ पडलं हुतं. उचललं आन् दोन्ही हातानं वर धरलं. गुडघं कधी सरळ झालं ते मलाबी कळलं न्हाय. टँकर माझ्यापुढं हातभरावर थांबला. मी फडक्याची घडी घातली, खांद्यावर टाकली आन् म्हणलं, "नंबर शेवटच्या घरापासनं." समद्या गपगुमान माझ्या मागं रांगंला लागल्या. माझी घागर पयली भरली. नळीतनं काचंसारखं पाणी आलं.

नरसव्वा म्हणाली, "म्हातारे, तू काय स्टेशन मास्तर झालीस का काय?"

"झाले की," मी म्हणलं.

घागर तशीच घिऊन मामांकडं गेले, भांडंभर पाणी दिलं. ते बाजंवर हसत हुते, पट्टीखालनं डोळ्याला धार. रडायचं न्हाय म्हणून बजावलेलं, पण हसायचं कुणी सांगितलं न्हवतं.

"गाडी कुटं थांबली?"

"माझ्या दारात."

"त्या खुर्चीवाल्याचं काय झालं आसंल, ते आता कळलं बगा," म्हणाले. आन् पाणी सावकाश प्याले.

औंदा लेक त्येंना अकलूजला घिऊन गेली. डोळा काय फारसा सुधारला न्हाय. तितं पाणी घरात येतं, कुणाला थांबवायचं काम न्हाय, त्येंना करमत नसंल. न्यायला रिक्षा आली तवा सामान भरलं, झेंड्या पेटीत गेल्या. मामा आत बसले. रिक्षावाला आमच्याच गल्लीतला, त्यो गाडी चालू करून नुसता बसून ऱ्हायला. "हिरवी कोण दावतंय?" म्हणाला. समदी भितीला पाठ लावून हुबी. पेटी सगळ्यात खाली, वर गाठोडी. माझ्याजवळ लाल फडकं तेवढं, आन् ते मला दावायचं न्हवतं.

मग सुपातलं एक भिजलेलं पान उचललं आन् वर धरलं. विडीचं पान काय पुरतं हिरवं नसतं. मामांनी रिक्षातनं वाकून, डोळं बारीक करून बगितलं.

"लाइन क्लियर," म्हणाले.

रिक्षा वळून दिसंनाशी झाली तरी गल्लीत कोण हललं न्हाय. माझा हातबी वरच हुता.